बंदी पदार्थावर की माणसावर? दारू आणि अमली पदार्थांच्या बंदीकडे जग कसं बघत आलं

१९८६ साली अमेरिकेत अमली पदार्थांविरुद्ध एक कडक कायदा झाला. त्यात कोकेनसाठी शिक्षेची दोन मापं होती. भुकटीच्या रूपातलं कोकेन विकताना कोणी सापडला, तर किमान पाच वर्षांच्या कैदेसाठी त्याच्याकडे ५०० ग्रॅम माल असावा लागे. तीच भुकटी खाण्याच्या सोड्यात शिजवून तिचे खडे केले, ज्यांना क्रॅक म्हणतात, तर ५ ग्रॅम पुरत. म्हणजे थेट शंभरपट फरक. क्रॅक ओढलं जातं, त्यामुळे त्याची नशा झटकन चढते हे खरं. पण रक्तात पोचतं ते कोकेनच. भुकटी महाग होती आणि पैसेवाल्यांच्या पार्ट्यांत चालायची. क्रॅकचे खडे सुटे, स्वस्तात मिळायचे आणि शहरांतल्या गरीब कृष्णवर्णीय वस्त्यांमध्ये पसरले होते. क्रॅकच्या कलमाखाली तुरुंगात गेलेल्यांत बहुसंख्य कृष्णवर्णीय होते. हे प्रमाण शंभरावरून अठरापटीवर यायला २०१० साल उजाडावं लागलं.

बंदीचा इतिहास समजून घ्यायचा तर या उदाहरणापासून सुरुवात केलेली बरी. एखादा पदार्थ किती घातक आहे, एवढ्यावरच बंदी कधी ठरली नाही. तो कोण घेतं, त्यातून पैसा कोणाच्या तिजोरीत जातो आणि त्या काळात लोकांना कशाची धास्ती वाटते आहे, या तीन गोष्टींचं वजन नेहमीच जास्त पडलं. याचा अर्थ बंदी मागणारे सगळे ढोंगी होते असा मुळीच नाही. दारूने घरं उद्ध्वस्त होतात हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं होतं, अनेकदा स्वतःच्या घरात. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, आणि त्यातली एक सोडून दिली की हा विषय कळतच नाही.

आधी कॉफी आणि तंबाखू

आज कोणाला पटणार नाही, पण कॉफीवर अनेकदा बंदी आली आहे. १५११ मध्ये मक्केचा अधिकारी खैर बेग याने कॉफी पिण्याला मनाई केली. कैरोच्या सुलतानाने ती फार काळ टिकू दिली नाही. १६३३ मध्ये इस्तंबूलमध्ये मोठी आग लागली, तिचं निमित्त करून ऑटोमन सुलतान चौथा मुराद याने कॉफीची दुकानं बंद पाडली आणि तंबाखू ओढणाऱ्यांना देहदंड ठरवला. स्वतः मुराद दारू भरपूर पीत असे. मग कॉफीचं एवढं वावडं का? कारण कॉफी पिऊन लोक शुद्धीवर राहत, एकत्र बसत आणि राज्यकारभाराबद्दल बोलत. इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्स राजालाही हीच भीती होती. डिसेंबर १६७५ मध्ये त्याने कॉफीगृहं बंद करण्याचा हुकूम काढला, लोक इतके खवळले की तो लागू होण्याआधीच त्याला मागे घ्यावा लागला.

जर्मनीतल्या प्रशिया राज्याच्या फ्रेडरिक राजाची तक्रार आणखी वेगळी. १७७७ मध्ये त्याने कॉफीविरुद्ध जाहीरनामा काढला, कारण कॉफीच्या बिया विकत घेण्यात देशाचा पैसा बाहेर जात होता. प्रजेने बीअर प्यावी, असं त्याचं म्हणणं होतं, कारण बीअर देशातच बनायची.

रशियात १६३४ मध्ये तंबाखूवर बंदी आली. तंबाखू ओढणाऱ्यांची नाकपुडी चिरण्यापर्यंत शिक्षा होत्या. १६९७ मध्ये पीटर द ग्रेटने ही बंदी उठवली. तंबाखूबद्दलचं ज्ञान मधल्या काळात बदललं नव्हतं. पीटरला सैन्यासाठी आणि सुधारणांसाठी महसूल हवा होता. पुढच्या तीनशे वर्षांत हा प्रकार इतक्या वेळा घडला आहे की बंदी कधी येते यापेक्षा ती कधी उठते हे बघितलं की जास्त कळतं.

बीअर चांगली, जिन वाईट

अठराव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये जिन ही दारू इतकी स्वस्त झाली की गरीब वस्त्यांत घराघरातून, तळघरातून ती विकली जाऊ लागली. १७३६ मध्ये संसदेने किरकोळ विक्रीच्या परवान्याला वर्षाला ५० पौंड शुल्क लावलं. छोट्या विक्रेत्याला ही रक्कम स्वप्नातही परवडणारी नव्हती. नावाला परवाना, प्रत्यक्षात बंदी. चोरून विकणाऱ्याची खबर देणाऱ्याला ५ पौंडांचं बक्षीस होतं. परिणाम असा की परवाने जवळजवळ कोणी काढलेच नाहीत, विक्री चालूच राहिली आणि खबऱ्यांना जमावाने रस्त्यात गाठून झोडपलं. १७४३ मध्ये तो कायदा गुंडाळावा लागला. १७५१ मध्ये आलेला कायदा जास्त व्यवहारी होता: कारखानदाराने बिनपरवाना दुकानदाराला माल द्यायचा नाही आणि परवाना परवडेल असा ठेवायचा. त्यानंतर जिनचा खप उतरला. धान्य महागल्याचाही त्यात हात होता.

त्याच १७५१ साली विल्यम होगार्थ या चित्रकाराने दोन चित्रं छापून विकली. एकात जिन पिणाऱ्यांची गल्ली: पायऱ्यांवर बसलेली, पायांवर जखमा असलेली एक बाई तपकिरीची चिमूट घेण्यात गुंग आहे आणि तिच्या कडेवरचं मूल कठड्यावरून खाली पडतं आहे. त्या गल्लीत वस्तू गहाण ठेवून घेणाऱ्याचा धंदा तेजीत आहे. दुसऱ्या चित्रात बीअरची गल्ली: माणसं गुबगुबीत, हसरी, कामसू, आणि गहाणवाल्याच्या दुकानाला अवकळा आलेली. बीअरमध्येही अल्कोहोलच असतं. पण बीअर हे प्रतिष्ठित, देशी पेय होतं आणि जिन गरिबांची, परक्या देशातून आलेल्या चवीची. जिनने लंडनमध्ये खरोखर माणसं मारली, पोरं अनाथ केली. होगार्थचा कळवळा खोटा नव्हता. तरीही ही दोन चित्रं शेजारी ठेवली की दिसतं, एकाच नशेला समाज दोन चेहरे कसे देतो.

अफू: बंदी घालणारा हरला

चीनमध्ये अफू ओढण्यासाठी विकण्यावर १७२९ मध्येच बंदी आली होती. तरीही अफू येत राहिली. ईस्ट इंडिया कंपनीने बिहार आणि बनारसकडच्या अफूचा मक्ता स्वतःकडे ठेवला होता. ती कलकत्त्यात लिलावाने विकली जायची आणि खासगी व्यापारी ती चीनच्या किनाऱ्यावर चोरट्या मार्गाने उतरवायचे. चहा विकत घेण्यासाठी इंग्लंडची जी चांदी चीनकडे जात होती, ती अफूमुळे उलटी वाहू लागली.

१८३६ मध्ये चीनच्या दरबारात या प्रश्नावर वाद झाला. श्यू नायजी या अधिकाऱ्याचं म्हणणं होतं की बंदीमुळे फक्त तस्कर आणि लाचखाऊ अधिकारी श्रीमंत होत आहेत. अफू कायदेशीर करा, तिच्यावर जकात लावा. विरोधकांचं म्हणणं, प्रजेचा नाश करणाऱ्या वस्तूतून राज्याने कमाई करायची नसते. आजच्या कुठल्याही संसदेत होणारी चर्चा याहून फार पुढे गेलेली नाही. सम्राटाने कडक बंदीची बाजू घेतली आणि लिन झश्यू या अत्यंत स्वच्छ अधिकाऱ्याला कँटन या बंदराच्या शहरात पाठवलं.

लिनने १८३९ मध्ये इंग्रज व्यापाऱ्यांकडून २०,००० हून अधिक पेट्या अफू ताब्यात घेतली. जाळली तर वितळलेली अफू जमिनीत मुरते आणि लोक ती माती खरवडून नेतात, म्हणून त्याने समुद्रकाठी दगडी तळाचे हौद खणून घेतले. त्यात पाणी भरायचं, मीठ टाकायचं, अफूचे गोळे फोडून टाकायचे, वर चुना, मग मजुरांनी ते ढवळायचं आणि ओहोटीला सगळा गाळ समुद्रात सोडायचा. हे काम २३ दिवस चाललं. समुद्रात विष जाणार म्हणून लिनने आधी समुद्रदेवतेची प्रार्थना केली आणि जलचरांना काही काळ दूर ठेवण्याची विनंती केली. व्हिक्टोरिया राणीला उद्देशून त्याने पत्रही लिहिलं: तुमच्या देशात अफूला मनाई आहे म्हणतात, मग दुसऱ्यांच्या देशात ती का पाठवता? त्याची माहिती चुकीची होती. इंग्लंडमध्ये १८६८ पर्यंत अफूचा अर्क जवळपास कोणीही विकू शकत होता आणि रडणाऱ्या तान्ह्या मुलांनाही तो पाजला जात होता.

पुढे इंग्लंडशी युद्ध झालं, १८४२ च्या तहात हाँगकाँग गेलं, दुसरं युद्ध झालं आणि १८५८ मध्ये अफूवर जकात लावून ती चीनमध्ये कायदेशीर करण्यात आली. शतक संपता संपता चीन बाहेरून घेत होता त्याहून जास्त अफू स्वतःच पिकवू लागला. लिनची बंदी मनापासून होती, प्रामाणिक होती आणि प्रजेच्या भल्यासाठी होती. ती तोफांनी मोडली. बंदीच्या विरोधात लिहिणारे पुष्कळ जण हे प्रकरण वगळतात, ते मला योग्य वाटत नाही. बंदी फसते तेव्हा दर वेळी ती मूर्खपणाची असते असं नाही. कधी कधी ती मोडण्यात कोणाचा तरी प्रचंड फायदा असतो.

बायकांनी मागितलेली बंदी

दारूबंदी म्हटलं की अमेरिकेतली १९२० ते १९३३ ही तेरा वर्षं सगळ्यांना आठवतात. पण तिच्या आधीची शंभर वर्षं बघितल्याशिवाय ती तेरा वर्षं समजत नाहीत.

१८३० च्या सुमारास अमेरिकेत दरडोई, म्हणजे पंधरा वर्षांवरच्या प्रत्येक माणसामागे, वर्षाला सुमारे २६ लिटर शुद्ध अल्कोहोल प्यायलं जात होतं. आजच्या जवळजवळ तिप्पट. मक्याचं पीक दूरच्या बाजारात नेणं महाग, त्याची व्हिस्की करून नेणं सोपं. त्यामुळे व्हिस्की मुबलक आणि स्वस्त. पिणारे बहुतेक पुरुष. आणि कायदा असा की लग्नानंतर बायकोची मालमत्ता, कित्येक ठिकाणी तिची मजुरीसुद्धा, नवऱ्याच्या ताब्यात. त्याने पगार गुत्त्यात उडवला, घरी येऊन मारहाण केली, तर तिला जायला जागा नाही, मत द्यायचा हक्क नाही, घटस्फोट मिळणं दुरापास्त. अशा बाईने गुत्ता बंद करा म्हणणं ही तिची एकमेव वाट होती.

डिसेंबर १८७३ मध्ये ओहायो राज्यातल्या हिल्सबरो गावात बायका रांगेने निघाल्या, दारू विकणाऱ्या दुकानांत शिरल्या आणि गुडघे टेकून प्रार्थना म्हणू लागल्या. आत घेतलं नाही तर बाहेर बर्फात बसल्या. हे लोण काही महिन्यांत शेकडो गावांत पसरलं आणि १८७४ मध्ये स्त्रियांची दारूविरोधी देशव्यापी संघटना उभी राहिली. जवळजवळ एकशेवीस वर्षांनी, १९९२ मध्ये, आंध्र प्रदेशातल्या नेल्लोर जिल्ह्यात दुबगुंटा गावच्या बायकांनी देशी दारूच्या विक्रीविरुद्ध असाच लढा सुरू केला. त्याची ठिणगी साक्षरता वर्गातून पडली होती. १९९५ मध्ये त्या राज्यात संपूर्ण दारूबंदी आली आणि १९९७ मध्ये, तिजोरीत खडखडाट झाल्यावर, शिथिल झाली.

अमेरिकेच्या चळवळीत मात्र हळूहळू दुसरी माणसं शिरली. १८९३ मध्ये गुत्त्यांच्या विरोधात स्थापन झालेल्या अँटी-सलून लीगने एकच प्रश्न घेऊन निवडणुका फिरवल्या. शहरांतले गुत्ते म्हणजे आयरिश, जर्मन, इटालियन स्थलांतरितांचे अड्डे, त्यांच्या राजकारणाच्या जागा; गावाकडच्या प्रोटेस्टंट मतदाराला या नव्या माणसांची भीती होतीच. १९१७ मध्ये अमेरिका जर्मनीविरुद्ध युद्धात उतरली आणि बीअरचे बडे कारखानदार जर्मन आडनावांचे होते. बीअर पिणं देशद्रोहासारखं वाटू लागलं. आणखी एक अडसर १९१३ मध्येच दूर झाला होता. तोपर्यंत केंद्र सरकारच्या उत्पन्नाचा फार मोठा वाटा दारूवरच्या करातून यायचा. त्या वर्षी घटनादुरुस्तीने आयकर आला आणि दारूच्या पैशाशिवाय सरकार चालू शकेल अशी सोय झाली. नवऱ्याचा मार खाल्लेली बाई, परक्यांचा तिटकारा करणारा मतदार, युद्धाचा ज्वर आणि नवा कर: या सगळ्यांची गाठ पडली तेव्हा कुठे बंदी आली.

तेरा वर्षांत काय झालं

कायदा १७ जानेवारी १९२० पासून लागू झाला. त्यात दारू बनवणं, विकणं, वाहून नेणं गुन्हा होतं, पिणं नव्हतं. त्यामुळे ज्यांच्याकडे पैसा होता त्यांनी आधीच तळघरं भरून ठेवली. डॉक्टरच्या चिठ्ठीवर औषध म्हणून व्हिस्की मिळायची, सरकारने छापलेल्या खास कागदावर, दहा दिवसांना एक पाइंट, म्हणजे साधारण अर्धा लिटर. चर्चमधल्या विधीसाठी वाइनला सूट होती. द्राक्षाच्या घट्ट रसाच्या वड्या विकल्या जात आणि त्याबरोबर सूचना असे की हा रस पाण्यात कालवून अमुक दिवस ठेवू नका, नाहीतर त्याची वाइन होईल.

बंदीने दारू अजिबात कमी झाली नाही, हा समज चुकीचा आहे. अर्थशास्त्रज्ञांच्या अंदाजाप्रमाणे सुरुवातीला खप आधीच्या साधारण तीस टक्क्यांवर आला. पुढच्या वर्षांत तो चढत साठ-सत्तर टक्क्यांपर्यंत गेला. यकृत सडून होणारे मृत्यूही घटले होते, जरी ती घट बंदीच्या आधीच सुरू झाली होती. म्हणजे पिणारे कमी झाले. पण काय प्यायलं जात होतं ते बदललं. तस्कराच्या ट्रकमध्ये जागा तेवढीच. त्यात बीअरची पिंपं भरण्यापेक्षा कडक दारूच्या बाटल्या भरल्या तर त्याच धोक्यात कितीतरी पट पैसा. म्हणून बीअर मागे पडली आणि जहाल दारू पुढे आली. अमली पदार्थांच्या बाबतीतही हेच होत आलं आहे. अफूच्या जागी हेरॉइन आलं आणि आज हेरॉइनच्या जागी फेंटानिल आहे, जे काही मिलिग्रॅममध्ये माणूस मारतं. दडवायला जितकं छोटं, तितकं विकायला सोयीचं.

या तेरा वर्षांतली एक गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. कारखान्यांत रंग, औषधं, इंधन यांसाठी अल्कोहोल लागायचंच. ते कोणी पिऊ नये म्हणून सरकार त्यात विषारी द्रव्यं मिसळायला लावत असे. तस्कर ते चोरायचे, रसायनतज्ज्ञ हाताशी धरून जमेल तितकं शुद्ध करायचे आणि विकायचे. तेव्हा १९२६ च्या शेवटी सरकारने विषाचं, विशेषतः मिथेनॉलचं, प्रमाण वाढवायचं ठरवलं. त्याच नाताळात न्यूयॉर्कच्या रुग्णालयांत माणसं आंधळी होऊन, तडफडत दाखल होऊ लागली, कित्येक दगावली. शहराचे मुख्य शवचिकित्सक चार्ल्स नॉरिस यांनी जाहीरपणे सांगितलं की दारूत विष आहे हे सरकारला माहीत आहे, लोक ती पिणार हेही माहीत आहे, तेव्हा या मृत्यूंची नैतिक जबाबदारी सरकारवरच येते. मरणारे बहुतेक गरीब आहेत हेही त्यांनी नोंदवलं, कारण पैसेवाल्याला परदेशातून आलेली चांगली बाटली परवडत होती. उलट अँटी-सलून लीगचे नेते वेन व्हीलर यांचं म्हणणं, असली दारू पिणारा जाणूनबुजून आत्महत्या करतो आहे. ज्या चळवळीचा उगम मार खाणाऱ्या बाईच्या कळवळ्यात होता, ती पन्नास वर्षांत इथवर येऊन पोचली. पिणारा माणूस कोणाचा तरी नवरा, कोणाचा तरी मुलगा आहे हेच तिच्या नजरेतून सुटलं.

१९३० मध्ये आल्याच्या अर्काचं एक औषध नशेसाठी पिऊन हजारो लोकांच्या पायांतली ताकद गेली. त्यात भेसळ म्हणून कारखान्यात वापरलं जाणारं एक रसायन घातलेलं होतं. पिणारे पुन्हा गरीबच.

मत फिरवण्यात बायकांचाच मोठा वाटा होता, हे फार जणांना माहीत नसतं. पोलिन सेबिन या श्रीमंत घरातल्या बाई. आपली दोन मुलं दारूविना जगात वाढावीत म्हणून त्या आधी बंदीच्या बाजूने होत्या. मुलांना कायद्याची किंमत वाटेनाशी होते आहे हे बघून १९२९ मध्ये त्यांनी बंदी उठवण्यासाठी स्त्रियांची संघटना काढली. त्याच वर्षी शेअर बाजार कोसळला, मंदी आली, आयकराचं उत्पन्न घटलं आणि दारूच्या कराची सरकारला पुन्हा आठवण झाली. ५ डिसेंबर १९३३ रोजी बंदी उठली. मिसिसिपी राज्याने स्वतःची बंदी मात्र १९६६ पर्यंत ठेवली.

इतर देशांचे अनुभव

फिनलंडमध्ये १९१९ ते १९३२ बंदी होती. तिथेही समुद्रमार्गे डबे भरभरून स्पिरिट यायचं आणि शेवटी जनमतात सुमारे सत्तर टक्के लोकांनी बंदी नको म्हटलं. शेजारच्या स्वीडनमध्ये १९२२ च्या जनमतात बंदी अगदी थोडक्यात हरली. स्त्री-पुरुषांची मतं तिथे वेगळी मोजली होती. बहुसंख्य स्त्रिया बंदीच्या बाजूने, बहुसंख्य पुरुष विरोधात. स्वीडनने मधला रस्ता काढला: दारूचं रेशन. प्रत्येकाच्या पुस्तकात किती घेतली याची नोंद. १९५५ पर्यंत ते चाललं. आइसलंडची बंदी माशांमुळे ढिली झाली. तुम्ही आमची वाइन घेणार नसाल तर आम्ही तुमचे खारवलेले मासे घेणार नाही, असं स्पेनने बजावलं आणि १९२२ मध्ये वाइनला परवानगी मिळाली. बीअरवरची बंदी तिथे १ मार्च १९८९ पर्यंत टिकली, कडक दारू मात्र त्याच्या किती तरी आधी खुली झाली होती.

सोव्हिएत युनियनच्या अनुभवाकडे मात्र थांबून बघायला हवं. मे १९८५ मध्ये गोर्बाचेव्ह यांनी दारूविरुद्ध मोहीम उघडली. पूर्ण बंदी नाही, पण उत्पादन कमी, किंमत जास्त, विक्रीच्या वेळा आखूड, कामावर प्यायला तर कारवाई. द्राक्षमळे उपटले गेले. व्होडकाच्या दुकानांपुढे लांबच लांब रांगा लागल्या आणि घरोघरी भट्ट्या लागल्यामुळे दुकानांतून साखर गायब झाली. लोक गोर्बाचेव्ह यांच्यावर चिडले, तिजोरीला खिंडार पडलं आणि दोन-तीन वर्षांत मोहीम सोडून द्यावी लागली. हे सगळं अपयश म्हणून सांगितलं जातं. पण त्याच दोन-तीन वर्षांत रशियन पुरुषांचं सरासरी आयुर्मान सुमारे तीन वर्षांनी वाढलं होतं. मोहीम संपल्यावर ते पुन्हा घसरलं. इतक्या थोड्या काळात एवढा फरक पाडणारं धोरण सहसा सापडत नाही. लोकांना नकोसं झालेलं धोरण माणसं वाचवत होतं, आणि ते टिकवण्याइतकी लोकांची संमती सरकारने मिळवली नाही.

औषध, गुन्हा, पुन्हा औषध

अमली पदार्थांवरची जागतिक बंदी तुलनेने नवी आहे. १८९८ मध्ये बायर कंपनी हेरॉइन खोकल्याचं औषध म्हणून विकत होती. एकोणिसाव्या शतकाच्या अमेरिकेत अफूचं व्यसन लागलेल्यांत मध्यमवर्गीय गोऱ्या गृहिणी खूप होत्या. बाटलीतून मिळणाऱ्या औषधांत अफू असायची. त्यांच्यावर कोणी धाडी घातल्या नाहीत. १८७५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोने बंदी घातली ती अफू ओढण्याच्या अड्ड्यांवर, जे चिनी मजुरांचे होते. १९०९ मधला देशव्यापी कायदाही ओढायच्या अफूपुरताच होता. त्याच वर्षी शांघायला १३ देशांची परिषद भरली, १९१२ मध्ये हेगला करार झाला, आणि १९६१ च्या संयुक्त राष्ट्रांच्या कराराने आजची चौकट पक्की केली.

गांजाचं प्रकरण तर डोळे उघडणारं आहे. १८९३-९४ मध्ये ब्रिटिश सरकारने भारतातल्या गांजा, भांग, चरस यांच्या वापराची चौकशी करायला आयोग नेमला. सुमारे १,२०० साक्षीदारांचं म्हणणं घेऊन आयोगाने सांगितलं की माफक सेवनाने फारसा अपाय होत नाही, अतिरेकाने होतो. बंदी घालू नये, कर आणि परवाने यांनी आवर घालावा. १९३७ मध्ये अमेरिकेने गांजाविरुद्ध कायदा केला तेव्हा अशी काही चौकशी झाली नाही. अमली पदार्थ विभागाचे प्रमुख हॅरी अ‍ॅन्सलिंगर यांनी गांजा पिऊन केलेल्या खुनांच्या कहाण्या ऐकवल्या. डॉक्टरांच्या संघटनेतर्फे विल्यम वुडवर्ड यांनी पुरावा कुठे आहे असं विचारलं, त्यांना दाद मिळाली नाही. १९६९ मध्ये अमेरिकेत फक्त १२ टक्के लोक गांजा कायदेशीर करावा म्हणत होते. अलीकडे हा आकडा दोन-तृतीयांशाच्या आसपास आहे. उरुग्वेने २०१३ मध्ये आणि कॅनडाने २०१८ मध्ये तो कायदेशीर केला.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या आकड्यांनुसार दारूमुळे वर्षाला सुमारे २६ लाख मृत्यू होतात, आणि दारू-तंबाखू सोडून इतर नशेच्या पदार्थांमुळे सुमारे ६ लाख. दारू पिणारे फार जास्त आहेत, म्हणून हे आकडे थेट शेजारी ठेवता येत नाहीत. पण दुकानात मिळणारं ते सुरक्षित आणि चोरून मिळणारं ते घातक, एवढी सोपी वाटणी नाही, हे त्यावरून कळतं.

व्यसनी माणसाचं काय करायचं, यावर देशांचे रस्ते शंभर वर्षांपूर्वीच वेगळे झाले. अमेरिकेत अमली पदार्थांवरच्या १९१४ च्या कायद्यानंतर व्यसनी रुग्णाला त्याचा डोस लिहून देणाऱ्या डॉक्टरांवर खटले झाले. ब्रिटनमध्ये १९२६ मध्ये रोलस्टन समितीने उलट सांगितलं: व्यसन हा आजार आहे, गरज असेल तर डॉक्टरने मॉर्फिन किंवा हेरॉइन लिहून द्यावं. पोर्तुगालने १ जुलै २००१ पासून दहा दिवसांच्या वापराइतका साठा बाळगणं फौजदारी गुन्ह्यातून काढलं. विक्री अजूनही गुन्हाच आहे. पण सापडलेल्या माणसाला न्यायालयाऐवजी एका समितीपुढे बसवतात, ती त्याला उपचारांकडे वळवायचा प्रयत्न करते. अमेरिकेतल्या ओरेगन राज्याने २०२० मध्ये असंच काहीसं केलं. दंडाची पावती मिळालेल्याने एका क्रमांकावर फोन केला की दंड माफ. फोन फार थोड्यांनी केले. उपचारांसाठीचा पैसा उशिरा पोचला, मधल्या काळात फेंटानिल पसरलं, लोकांना रस्त्यांवर उघड नशा दिसू लागली आणि सप्टेंबर २०२४ पासून जवळ बाळगणं पुन्हा गुन्हा झाला. पोर्तुगालने शिक्षा काढताना उपचार उभे केले होते. ओरेगनमध्ये शिक्षा आधी गेली.

स्वित्झर्लंडची हकिगत आणखी वेगळी आहे. झुरिकमध्ये रेल्वे स्थानकाजवळच्या प्लाट्झश्पिट्झ बागेत १९८० च्या दशकाच्या अखेरीस उघड्यावर हेरॉइन टोचलं जात होतं. पोलिसांनी तो सगळा प्रकार एका जागी चालू दिला होता. स्वयंसेवक तिथेच सुया वाटत, मरणाच्या दारातल्यांना श्वास देत. १९९२ मध्ये बाग बंद केली तेव्हा तीच माणसं आजूबाजूच्या गल्ल्यांत पांगली. १९९४ मध्ये सरकारने दुसरा मार्ग धरला: बाकी सगळे उपचार फसलेल्या जुन्या व्यसनींना दवाखान्यात, परिचारिकेच्या देखरेखीखाली, शुद्ध हेरॉइन द्यायचं. नोव्हेंबर २००८ मध्ये हे कायम ठेवायचं का, यावर देशाने मतदान केलं. ६८ टक्के लोकांनी होय म्हटलं. त्याच दिवशी, त्याच मतदान केंद्रांवर, गांजा कायदेशीर करण्याचा प्रस्तावही होता. तो ६३ टक्क्यांनी फेटाळला गेला.